जांभळाचे बावीस खांब

पहिलं कुंपण मी माणूस लावून घालून घेतलं होतं. ते दोन पावसाळ्यांत आडवं झालं. कुणी पाडलं असतं तर मी भांडले असते. ते आपलं आपण पडलं, याचा मला जास्त राग आला.

वटारला आमची वाडी आहे. सासऱ्यांची, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांची. केळी, नारळ, थोडा सोनचाफा, आणि उत्तरेच्या अंगाला बावखल. बावखल म्हणजे जुन्या लोकांनी वाडीसाठी हाताने खणलेलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं आणि जमिनीत मुरतं. समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरी खाऱ्या झाल्या नाहीत त्या त्याच्यामुळे. निम्मं बावखल आमच्या हद्दीत, निम्मं शेजारच्या, मध्ये हद्दीचा मातीचा बांध. शेजारचं कुटुंब परदेशी गेलं, जागा विकली गेली, आणि नव्या मालकाने पहिल्याच महिन्यात डंपर लावून भराव टाकायला सुरुवात केली. फुटक्या लाद्या, प्लास्टरचे तुकडे, संडासांची जुनी भांडी. सगळं पाण्याच्या काठावर.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली. लोक कानात काहीही बोलत आणि मी त्यांना थांबायला सांगून शांतपणे लाइन जोडून देत असे. उलट बोलायची परवानगी नव्हती. निवृत्त झाले तेव्हा ती बंदी संपली असं मी धरून चालले होते.

ते पहिलं कुंपण निलगिरीच्या बल्ल्यांचं होतं. कंत्राटदाराने प्रत्येक बल्लीच्या बुडाशी सिमेंटचा गोळा ओतला, वर जाळी ताणली आणि आता वीस वर्षं बघायला नको म्हणून सांगून गेला. तिसरा पावसाळा लागायच्या आधीच एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून घरी आलो तर पाच खांब लोळलेले, आणि पडलेल्या जाळीवरून भरावाची एक लांब जीभ आमच्या काठावर आलेली. शेजारच्या जागेवर नव्या मालकाचा एक मॅनेजर असायचा. पस्तिशीचा, पांढऱ्या बुटांचा, बोलायला गोड. तो म्हणाला, "काकू, आम्ही हातपण नाय लावला. तुमचं कुंपणच पडलं. आता हद्द कुठे, आमच्या ड्रायव्हरला काय कळणार?"

तो खोटं बोलतोय हे दाखवायला मी उभ्या असलेल्या एका खांबाला जोर लावला. खांब सिमेंटच्या तोंडापाशी कडकन मोडून माझ्या हातात आला. आतून तो पाण्यात पडलेल्या पावासारखा झाला होता. मॅनेजर हसला नाही, त्याने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. हसला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी तो घरी आला. आम्हीच तुम्हाला सिमेंटची भिंत घालून देतो, तुमचा एक पैसा नको, असं म्हणाला. आम्ही काठावर गेलो तेव्हा त्याने बुटाच्या टोकाने चिखलात रेघ ओढून भिंत कुठे येईल ते दाखवलं. रेघ पाण्याच्या अलीकडे, आमच्या काठावर सहा फूट आत होती. काठाची माती भुसभुशीत, पाया धरणार नाही, म्हणून आत घ्यावी लागते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे आमचं निम्मं बावखल आमच्याच भिंतीच्या बाहेर जाणार होतं, आणि बाहेर गेलेल्या पाण्यात डंपर ओतायला कुणाला विचारायची गरज राहणार नव्हती.

माझा नवरा भांडणाला भिणारा नाही, कंटाळणारा आहे. जेवताना तो म्हणाला की भिंत तरी पक्की होईल, आपण दोघं किती वर्षं त्यांच्या मागे लागणार. मी त्याला विचारलं, "सहा फूट आपण द्यायचे आणि वर आभारही आपणच मानायचे?" त्याने भात कालवला. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला कळवलं की भिंत नको, मी पुन्हा लाकडाचंच कुंपण घालणार आहे. तो म्हणाला, "काकू, पुन्हा पडेल."

आमच्याकडे अर्नाळ्याची एक कोळीण गेली वीस-बावीस वर्षं मासळी घेऊन येते. त्या आठवड्यात ती ओट्यावर बसून बोंबील निवडत होती, तेव्हा तिला तो मोडका खांब दिसला. तिने तो उचलून वास घेतला आणि म्हणाली की हे आमच्या घरच्या माणसाला दाखव, तो जन्मभर समुद्रात खुंट ठोकत आलाय. कोळी लोक भर समुद्रात तळाशी लाकडाचे उंच खुंट रोवतात आणि त्यांना जाळी बांधतात. भरती, ओहोटी, लाटा, सगळं त्या लाकडावर येतं. मी इतकी वर्षं ते बोंबील खात होते आणि ते जाळं कशाला बांधलेलं असतं याचा विचार कधी केला नव्हता.

मी तो मोडका तुकडा पिशवीत घातला आणि बसने अर्नाळ्याला गेले. तिचा नवरा सत्तरीच्या पुढचा. त्याला सगळे नाखवा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. नजर कमी झाल्यापासून तो बोटीवर जात नव्हता, दारात बसून जाळं विणत होता. त्याने तुकडा हातात घेऊन मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. वरचा भाग टणक होता. कुजलं होतं ते फक्त एक वीतभर.

"बाय, लाकूड पान्यात कुजत नाय," तो म्हणाला. "आनि वाऱ्यावर पन कुजत नाय. पानी आनि वारा जिथं भेटतात तिथं कुजतं. त्या जागेला तू सिमेटची वाटी बांधलीस. वाटीत पानी राहिलं. आता लाकडाने काय करायचं?"

मी म्हटलं की ते मी नाही, कंत्राटदाराने केलं. तो म्हणाला की कुंपण तुझं होतं ना. मी त्याला वाडी बघायला बोलावलं.

तो वाडी बघायला आला. वाडीच्या मागच्या बाजूला आमचं जुनं जांभळाचं झाड वादळात उन्मळून पडलं होतं आणि तसंच पडून होतं. दोन व्यापारी विचारून गेले होते. माझ्या नवऱ्याच्या मनात त्याचा झोपाळा करायचा होता, त्याने जागाही मोजून ठेवली होती. नाखव्याने बुंध्यावर कोयत्याने एक घाव घातला, आतला काळपट गाभा पाहिला आणि म्हणाला की विहिरीच्या तळाशी पूर्वी हेच लाकूड घालायचे, दुसरं शोधू नको.  संध्याकाळी नवऱ्याने झोपाळ्यासाठी आणलेल्या पितळी कड्या कागदात गुंडाळून कपाटावर ठेवल्या. ते मला दिसलं आणि मी न दिसल्यासारखं केलं. त्याबद्दल मला अजून थोडं वाईट वाटतं.

परवानगीचे कागद झाल्यावर बुंधा टेम्पोने गोखिवऱ्याला लाकूड कापायच्या गिरणीत नेला. तिथला माणूस म्हणाला, मॅडम, असल्या लाकडाची दाराची चौकट करतात, कुंपण नाही. मी त्याला बावीस खांब कापायला लावले, सात-सात फुटांचे. बाहेरचं फिकट लाकूड नाखव्याने काढून टाकायला सांगितलं होतं, कारण कीड आधी तिथे लागते. मग ते खांब गोठ्याच्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, वारा खेळेल असे रचले आणि सात महिने तसेच ठेवले.

ते सात महिने मला जड गेले. काठावर कुंपण नव्हतं. डंपर रोज येत होते. गावातले लोक म्हणत, कुंपणाचं काय झालं? मॅनेजर मला बघून हात उंचावून नमस्कार करी. मी त्या काळात एकच काम केलं. सरकारी मोजणी करून घेतली. मोजणीदार आले, त्यांनी नकाशा धरून हद्दीवर चुन्याच्या खुणा केल्या. पावसात चुना जाणार हे मला ठाऊक होतं, म्हणून त्यांच्यासमोरच प्रत्येक खुणेवर लोखंडी सळीचा तुकडा जमिनीत पार आत ठोकला. वरून काही दिसत नव्हतं. कुठे आहेत ते मला माहीत होतं.

पावसाळा सरला, जमीन खणण्याइतकी सुकली, तेव्हा नाखवा आला. एक रिकामं क्रेट उपडं घालून त्यावर बसला आणि म्हणाला, खन. मला वाटलं होतं तो खणेल, किंवा निदान मजूर आणू म्हणेल. मी बासष्ट वर्षांची, कमरेला पट्टा. पण मजूर पुन्हा घाईच करणार आणि मी पुन्हा कंत्राटदाराचं नाव सांगणार, हे त्याला कळलं होतं आणि मलाही. मी पहार उचलली.

दिवसाला एक खड्डा, कधी निम्मा. रुंद नाही, पहारेच्या आणि खुरप्याच्या मापाचा, पण खोल. सात फुटांच्या खांबाला अडीच फूट. पहिल्या खड्ड्याला मी दोन फुटांवर थांबले आणि हा पुरे म्हटलं. नाखव्याने खांब आत उभा करायला लावला आणि मग एका हाताने तो असा हलवला की माझीच मला लाज वाटली. पुन्हा खणलं. पाण्याच्या जवळच्या खड्ड्यांत तळाला पाणी लागायचं. मी घाबरले तर तो म्हणाला की खालच्या पान्याची भीती नको, जमिनीच्या तोंडाकडे बघ.

खड्डा खणून झाला की खांब भाजायचा. नारळाची सोडणं आणि वाळलेल्या झावळ्या पेटवून खांबाचं बूड त्यावर फिरवत राहायचं, जमिनीत जाईल तेवढं आणि वर आणखी एक वीत. नुसतं काळं करून चालत नाही. बाहेरून बोटाच्या नखाएवढा थर कोळसा झाला पाहिजे. मग तो कोयत्याच्या पाठीने खरवडून सारखा करायचा आणि गरम डांबराचे दोन हात द्यायचे. तळाला विटांचे तुकडे, त्यावर खांब, ओळंबा लावून सरळ, आणि मग माती. माती एकदम लोटायची नाही. चार बोटं माती टाकायची, पहारेच्या दांड्याने चारही बाजूंनी ठोकायची, पुन्हा चार बोटं. मी ठोकत असताना नाखवा डोळे मिटून खांबावर तळहात ठेवून बसे. मध्येच म्हणे, "या अंगाला पोकळ हाय." मला काही कळत नसे, पण उकरून बघितलं की तिथे खरंच ढेकूळ अडकलेलं असे. शेवटी बुडाशी मातीचा उतरता ढीग, पाणी खांबापासून लांब जावं म्हणून. आणि खांबाच्या डोक्याला तिरका काप, पाऊस बसू नये म्हणून.

रस्त्यावरून जाणारे थांबत. कुणी म्हणे, मशीन आणा, तासात बावीस होतील. कुणी म्हणे सिमेंटचे तयार खांब मिळतात. एका बाईने मला सरळ विचारलं की नवरा असताना तुम्ही का खणता. मी म्हटलं, "मला येतंय म्हणून." खरं तर तेव्हा मला नुकतंच यायला लागलं होतं. हातावर फोड आले, फुटले, पुन्हा आले. संध्याकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. नवरा माझ्या हाताला मलम लावून देई आणि लावता लावता हे सगळं सोडून दे असं सांगे. मी मलम लावून घेई आणि सकाळी पुन्हा जाई.

आठ खांब उभे झाले तेव्हा मॅनेजर कागद घेऊन आला. त्याच्याकडे जुना नकाशा होता आणि त्यात हद्द आमच्या बाजूला सरकलेली होती. माझ्याकडे मोजणीचा नकाशा होता. मी त्याला दोन्ही शेजारी शेजारी धरून दाखवले, मग कोपऱ्यातल्या खांबाजवळ खुरप्याने उकरून खालची लोखंडी सळी दाखवली. त्याचा आवाज पहिल्यांदा बदलला. रविवारपर्यंत हे काढा, नाहीतर आमची माणसं काढतील, असं तो म्हणाला.

रविवारच का, हे मला समजलं. रविवारी सकाळी आमचा सगळा गाव चर्चमध्ये असतो. मागच्या वेळी भराव पुढे आला तोही रविवारीच. मी नवऱ्याला सांगितलं की या रविवारी मी मिस्साला येणार नाही. त्याला ते माझ्या खणण्यापेक्षा जास्त लागलं. फादर विचारतील, तो म्हणाला. मी म्हटलं, "देवाला मी कुठे बसते ते ठाऊक आहे. फादरना तू सांग." तो एकटा गेला. मी नवव्या खड्ड्याशी जाऊन बसले, पहार मांडीवर घेऊन.

घंटा वाजली आणि थोड्या वेळाने टेम्पो आला. मॅनेजर आणि चार मजूर, नालासोपाऱ्याहून रोजावर आणलेले. ते मला बघून थबकले. मॅनेजरने त्यांना कोपऱ्यातला खांब काढायला सांगितला. मी बाजूला उभी राहिले.  तो खांब मी आणि नाखव्याने लावला होता, पण तो किती धरेल ते कुणी बघितलं होतं? पहिल्या कुंपणाचा तो आवाज माझ्या कानात होता.

चौघांनी मिळून खांबाला मिठी मारली आणि ओढला. मग ढकलला. मग दोघांनी एका बाजूने, दोघांनी दुसऱ्या बाजूने, तालावर. खांब हलला नाही. बुडाशी मातीला भेगही पडली नाही. एकाने हात झाडले, खांबावर चापट मारली आणि हसून म्हणाला, "सेठ, ये नहीं निकलेगा." त्याने हे माझ्याकडे बघून म्हटलं, आणि मला वाटतं त्याला बरंच वाटलं होतं.

मॅनेजर म्हणाला, खणून काढा. मग मी बोलले. मी त्याला सांगितलं, "खणा. मला एक दिवस लागला, तुम्हालाही एक दिवस लागेल. तोवर मिस्सा सुटेल आणि सगळे याच रस्त्याने येतील. त्यांच्यासमोर खणा. आणि तुम्ही काढलात की उद्या सकाळी मी तो पुन्हा लावायला घेईन. माझ्याकडे वेळ आहे. मी निवृत्त आहे."

त्यांनी थोडं खणलं. वीतभर खाली गेल्यावर ठोकलेली माती पहारेला दगडासारखी लागायला लागली आणि ते वरचेवर थांबू लागले. तेवढ्यात रस्त्यावर लोक दिसायला लागले.  चांगल्या कपड्यांत, प्रार्थनेची पुस्तकं हातात घेऊन, सगळे कडेला उभे राहिले. बायका, म्हातारे, आमचे चुलत दीर, मला मशीन आणायला सांगणारे, नवऱ्याबद्दल विचारणारी ती बाई. माझा नवरा त्यांच्यातून पुढे आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट होता अंगात. त्याने मॅनेजरकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. माझ्या हातातली पहार घेतली, बाह्या दुमडल्या आणि नववा खड्डा पुढे खणायला लागला. त्याला खणता येत नव्हतं. पहार तिरकी पडत होती. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

मॅनेजर फोन कानाला लावून टेम्पोत जाऊन बसला. मजुरांनी जाण्याआधी उकरलेली माती पुन्हा लोटली, आणि तो हसणारा ती पायाने दाबूनही गेला. सोमवारी नाखव्याने ती सगळी काढून मला नव्याने ठोकायला लावली.

बावीस खांब नाताळच्या आधी पुरे झाले. शेवटचे चौदा नवऱ्याने आणि मी मिळून लावले. चौदाव्या नंबरच्या खांबाला आम्ही बोलण्याच्या नादात डांबराचा दुसरा हात द्यायला विसरलो, आणि गेल्या वर्षी तोच एक खांब मऊ पडला. बाकीचे अजून तसेच आहेत. चौदावा मी उपटला, त्याच्या जागी बाभळीचा लावला.

आम्ही जिंकलो असं म्हणायला मी तयार नाही. त्यांनी त्यांच्या हद्दीतलं निम्मं बावखल भरून टाकलं. आम्ही तक्रार केली आहे, ती चालू आहे. आता त्या भरावावर चार मजल्यांची इमारत उभी आहे आणि उरलेल्या पाण्यावर दुपारी तिची सावली पडते. पण त्यांना त्यांची भिंत माझ्या खांबांच्या पलीकडे, त्यांच्याच जागेत घालावी लागली. आमच्या बाजूचं पाणी गोडं आहे. नाखवा आता वाडीपर्यंत येऊ शकत नाही. मीच मधूनमधून अर्नाळ्याला जाते आणि कुठल्या खांबाचं काय चाललंय ते सांगते. तो नंबरावरून ओळखतो.

गेल्या महिन्यात सकाळी बघते तर सातव्या खांबावर कुणीतरी एक कागद खिळ्याने ठोकून गेलेलं. रस्ता रुंद करायचा प्रस्ताव आहे आणि त्याची रेषा आमच्या काठावरून जाते. मी कागद उभ्या उभ्या वाचला. मग आधी पक्कड आणून खिळा काढला, कारण खिळ्याच्या भोकातून पाणी आत उतरतं, आणि भोकात डांबर भरलं. हरकत घ्यायला मुदत दिली होती. नवरा म्हणाला, जेवून तरी जा. मी मोजणीचा नकाशा पिशवीत घातला आणि अर्ज त्याच दुपारी नेऊन दिला. पोच घेतली, शिक्क्यासकट.